मडकं, कोयता आणि कुऱ्हाड : धाराशिवच्या शिंदीची गोष्ट

हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना जे सुटलं ते इथे भरलंय, आणि जे उगाच बोललो ते कापलंय.

या भागाची सुरुवात एका मेसेजने झाली. आपल्याच जिल्ह्यातला एक श्रोता सध्या परदेशात नोकरीला आहे. तिथे घरी बीअर करायला कायद्याची आडकाठी नाही, त्यामुळे भाऊ शनिवार-रविवार त्याच उद्योगात. त्याने विचारलं, "दादा, मी केगमध्ये नैसर्गिक फेस आणायला शिकलोय, बाहेरून गॅस भरत नाही. आपल्याकडे असलं काही होतं का?"

मी आधी हसलो. मग म्हटलं, होतं की! गावोगाव होतं. फक्त केग स्टीलचा नव्हता, मातीचा होता. आणि त्या मडक्यावरून आपल्या जिल्ह्यात जे राजकारण झालं, ते शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. "सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली." बास, पुढचा मुद्दा. मला ही ओळ कायम खटकायची. निजामाशी भांडण आहे तर झाडावर राग कशाला? करोडगिरी नाका जाळला, हे कळतं. रेल्वेचे रूळ उखडले, हेही कळतं. पण नाल्याकाठच्या काटेरी झाडाने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

याचं उत्तर फेसात आहे. म्हणून आधी फेस समजून घेऊ.

आपल्या या मित्राच्या हातातला केग साधारण १९ लिटरचा. मुळात तो शीतपेयाचं सिरप दुकानांना पोचवण्यासाठी बनवलेला डबा. कोला कंपन्यांना तो नकोसा झाला आणि घरी बीअर करणाऱ्यांनी उचलला. बीअर आंबून शांत झाली की ती या डब्यात ओतायची, वर लिटरमागे पाचेक ग्रॅम साखर घालायची, म्हणजे अख्ख्या केगला शंभरेक ग्रॅम. झाकण घट्ट लावायचं आणि दोनेक आठवडे घरातल्या तापमानात ठेवून द्यायचं. बीअरमध्ये अजून जिवंत असलेलं यीस्ट ती साखर खातं. त्या साखरेचं वजनाने जवळजवळ अर्धं अल्कोहोल होतं आणि अर्धा कार्बन डायऑक्साइड. वायूला बाहेर जायला वाट नाही, मग तो बीअरमध्येच मुरतो. एक लिटर बीअरमध्ये अडीच लिटर वायू मुरला की झाली तुमची नेहमीची फेसाळ बीअर. यीस्ट तळाशी बसतं म्हणून पहिला ग्लास गढूळ निघतो, तो ओतून द्यायचा.

पण यात एक गोम आहे. द्रव गार असला तर वायू गुपचूप मुरून राहतो, गरम झाला की बाहेर यायला धडपडतो. तोच केग फ्रिजमध्ये ४ अंशांवर असेल तर आतला दाब साधारण १० पीएसआय. आणि आपल्या इथल्या ३० अंशांच्या खोलीत? ४० च्या आसपास. तुमच्या कारच्या टायरमध्ये भरता त्यापेक्षा जास्त. धाराशिवच्या एप्रिलबद्दल तर मी बोलतच नाही. म्हणजे असा वायू कोंडून ठेवायचा तर भांडं मजबूत पाहिजे, झाकण मजबूत पाहिजे आणि गारवा पाहिजे. आपल्याकडे तिन्ही नव्हतं. होतं फक्त झाड.

शिंदीचं झाड तुम्ही पाहिलेलं असणार, नाव माहीत नसलं तरी. खजुराचा रानटी भाऊ. नाल्याच्या, ओढ्याच्या, नदीच्या काठाला, जिथे जमिनीत थोडा ओलावा टिकतो तिथे. खाली पानांच्या देठांच्या खुणांनी खडबडीत झालेलं खोड, वर पानांचा काटेरी झुबका. याच्या पानांचे झाडू होतात, चटया होतात. फळं पिवळी-केशरी, गर कमी, बी मोठी. मराठीची गंमत बघा, झाडही शिंदी आणि त्याच्यातून निघणारं पेयही शिंदी. हैदराबादच्या उर्दूत सेंधी. ताडी म्हणजे ताडाच्या झाडाची. शिंदी वेगळी, हे जुनी माणसं ठासून सांगतात.

शिंदी काढणारा माणूस कमरेला दोर बांधून वर चढतो. झुबक्याच्या खाली खोडाची एक बाजू कोयत्याने ताशून काढतो, आतला पांढरा कोवळा भाग उघडा करतो आणि रस एका जागी येईल अशी खाच पाडतो. खाली मडकं बांधतो. रात्रभर थेंब थेंब रस गळतो. हिवाळा हा याचा खरा हंगाम. पहाटे काढलेला ताजा रस गोड असतो, शंभर भागांत दहा-बारा भाग साखर. त्याला नीरा म्हणतात.

आता इथे कुणी यीस्ट घालत नाही. घालायची गरजच नाही. हवेत आहे, झाडाच्या सालीवर आहे, माश्या घेऊन येतात, आणि सगळ्यात जास्त असतं कालच्या मडक्याच्या तळाशी. मातीच्या बारीक छिद्रांत ते घर करून राहतं. बीअरवाले यीस्ट विकत आणतात, आपल्याकडे ते भांड्यातच मुक्कामाला. त्यात नुसतं यीस्टही नाही. झायमोमोनास नावाचा एक जिवाणू असतो, तो साखरेचं अल्कोहोल करण्यात यीस्टलाही हार जात नाही. शिवाय दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद आंबटपणा आणतात. ही सगळी मंडळी सूर्य वर यायच्या आत कामाला लागतात. नीरा नीराच राहायला हवी असेल तर मडक्याला आतून चुन्याचा हात द्यावा लागतो, म्हणजे आंबणं लांबतं. चुना नसेल तर दुपारपर्यंत गोडी उतरते, पांढरट रंग येतो, वर फेस धरतो. संध्याकाळी चार-पाच टक्के अल्कोहोल, म्हणजे बीअरच्या बरोबरीचं. दुसऱ्या दिवशी आंबट. त्यानंतर शिरका, म्हणजे व्हिनेगर.

मी एक हिशोब करून बघितला. लिटरभर रसात शंभर ग्रॅम साखर धरली आणि ती सगळी आंबली, तर तिच्यातून पंचवीसेक लिटर वायू सुटतो. लिटरभर रसातून पंचवीस लिटर! मडक्याचं तोंड उघडं, म्हणून जवळजवळ सगळा उडून जातो. उन्हाळी हवेत उघड्या भांड्यातल्या द्रवात मुरून राहतो तो लिटरमागे पाऊण लिटरच्याही आत. त्यामुळे शिंदीचा फेस बीअरसारखा जिभेला टोचत नाही, मऊ असतो. पण मडकं बूच मारून बंद केलं तर? फुटणार. बाटलीत भरून बूच लावलं तरी तेच. म्हणून शिंदी साठवता येत नाही, मुरवता येत नाही, लांब नेता येत नाही. सकाळी काढली, संध्याकाळी संपली पाहिजे.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

मध्येच एक फाटा. आपल्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात तगरचं नाव आहे; इथून गाड्यांवरून कापड भडोचच्या बंदरात जायचं. त्याच पुस्तकात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि तिच्यात पहिल्या मानाने वाईन आहे, त्यातही इटलीची पसंतीची. म्हणजे द्राक्षाची दारू समुद्र ओलांडून यायची, कारण ती आंबून शांत झालेली असायची आणि बंद रांजणात टिकायची. शिंदीला पुढच्या गावचा बाजार गाठायचा तरी दुपारच्या आत निघावं लागे. दोन्ही आंबवलेलीच पेयं, पण एकाला व्यापार मिळाला आणि दुसरं आपल्या ओढ्यापाशीच राहिलं.

आता सरकारच्या जागी उभं राहून बघा. दारूवर कर लावायचाय. भट्टीची दारू असेल तर सोपं आहे: भट्टीवर पहारा बसवा, पिंप मोजा, गोदामाला कुलूप लावा. पण शिंदी कुणी 'बनवत'च नाही. ती झाडावरच्या मडक्यात आपोआप होते. मोजायचं काय आणि कुठे? गोदाम नाही, पिंप नाही, मुक्काम नाही. मग सरकारने सरळ मूळ पकडलं, झाड! झाडाला पाय नाहीत, ते लपत नाही. झाड मोजा, झाडावर कर बसवा आणि विकण्याचा हक्क लिलावात काढा.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात हेच होतं. ब्रिटिश मुंबई इलाख्यानेही १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर ताडाच्या झाडांवर असाच कर बसवला, म्हणजे ही युक्ती एकट्या निजामाची नाही. संस्थानाचा स्वतःचा अबकारी कायदा फसली सन १३१६ चा, इंग्रजी हिशोबाने १९०६-०७. अबकारी हा शब्दच फारसी, 'आब' म्हणजे पाणी आणि त्याचा धंदा करणारा तो आबकार. झाड तुमच्या शेताच्या बांधावर असलं तरी त्यातली शिंदी तुमची नाही, सरकारची. जमीनमालकाला 'हक्क-ए-मालिकाना' या भारदस्त नावाने थोडा मोबदला, बस्स. आणि विक्रीचा ठेका ज्याला मिळेल तो गुत्तेदार. आपल्याकडे आजही रस्त्याच्या कंत्राटदाराला गुत्तेदारच म्हणतात, पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना हा शब्द ऐकून गंमत वाटते. पण 'दारूचा गुत्ता' तर सगळा महाराष्ट्र म्हणतो ना? तो गुत्ता म्हणजे हाच ठेका.

जमीन महसूल आणि अबकारी हे संस्थानाच्या तिजोरीचे दोन मोठे खांब. म्हणजे शिंदी पिणाऱ्या मजुराच्या प्रत्येक पेल्यातून एक घोट हैदराबादला जात होता. पिणारे बहुतेक गरीब, दिवसभर राबून संध्याकाळी टेकणारे. दुष्काळी जिल्हा, पीक बेभरवशाचं, पण शिंदीचं झाड पावसाची फारशी पर्वा करत नाही. जमीन महसूल कमी पडला तरी अबकारीची धार चालू. हे मी निजामावर राग काढायला म्हणत नाहीये. आज आपल्या राज्याच्या तिजोरीलाही दारूचा पैसा नकोसा नाही.

आता या १९४७ च्या ऑगस्टमध्ये. धाराशिव तेव्हा उस्मानाबाद, सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावाचा जिल्हा. त्याआधी याला नळदुर्ग जिल्हा म्हणत. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होतं, १९८२ ला वेगळं झालं. आणि रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा त्या लातूरचाच वकील. दुसऱ्या बाजूला, याच जिल्ह्यात लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्याला १९२१ पासून राष्ट्रीय शाळा होती. तिथले एक शिक्षक पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून स्टेट काँग्रेसचे नेते झाले. एकाच जिल्ह्याने दोन टोकं दिली.

७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्यासाठी सत्याग्रह पुकारला. १५ ऑगस्टला, देशभर झेंडे लागत होते तेव्हा, स्वामीजींना अटक झाली. मग कार्यक्रम ठरला तो तिजोरीला भोक पाडण्याचा: लेव्हीचं धान्य द्यायचं नाही, करोडगिरीचे नाके उडवायचे, जंगल सत्याग्रह करायचा, आणि शिंदीची झाडं तोडायची.

आता ती पुस्तकातली ओळ परत वाचा. शिंदी जर गोदामात राहिली असती तर गोदाम फोडलं असतं. भट्टीत झाली असती तर भट्टी मोडली असती. पण तिचं गोदामही झाड, भट्टीही झाड आणि कराची नोंदवहीही झाडच. जिथे कर बसला होता, कुऱ्हाड तिथेच पडली. ही कल्पना नवीही नव्हती; १९३० मध्ये दांडीयात्रेच्या दिवसांत गांधीजींनी सुरत भागात ताडीची झाडं तोडायला सांगितलं होतं आणि लोकांनी ती तोडलीही. तिथे दारूबंदीचा विचार आणि सरकारी उत्पन्नावर घाव, दोन्ही एकत्र. आपल्याकडेही तसंच.

शिंदीचं झाड तोडणं सोपं काम नाही बरं का. काटे भाल्यासारखे, खोड आतून दोऱ्या-दोऱ्यांचं, त्यामुळे कुऱ्हाड नीट चावत नाही, रुतून बसते. रात्रीचं काम. रझाकार आणि पोलीस यांच्या भीतीने घाईत. आपला जिल्हा सरहद्दीवरचा, पलीकडे बार्शी, सोलापूर, म्हणजे स्वतंत्र भारत. तिकडच्या बाजूला कार्यकर्त्यांचे कॅम्प. हद्द ओलांडून यायचं, काम करायचं आणि उजाडायच्या आत परत जायचं. मागे राहिलेल्या गावाने मग काय भोगलं असेल याची कल्पना करा, कारण झाड तोडणारा निघून गेला तरी तोडलेलं झाड सकाळी गावाच्या शिवारातच पडलेलं असायचं.

इथे माझं एक मत आहे, आणि काही श्रोत्यांना ते आवडणार नाही. लढा रास्त होता, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. पण त्या कुऱ्हाडीचा पहिला घाव निजामावर पडला नाही, तो पडला दोर बांधून वर चढणाऱ्या माणसावर. निजामाचा एक झाडाचा कर गेला. याचं झाड गेलं. शिंदीचं झाड रस द्यायला लागायला बरीच वर्षं घेतं; एका रात्रीत पडलेलं बन पुढच्या पिढीपर्यंत भरून येत नाही. मुक्तिसंग्रामाच्या कार्यक्रमांत आपण सत्याग्रहींचे फोटो लावतो, आणि लावलेच पाहिजेत. मडकं बांधणाऱ्याचा फोटो मी अजून कुठे पाहिलेला नाही. तो देशद्रोही नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने आत शिरल्या आणि पहिली चकमक नळदुर्गला झाली, बोरी नदीच्या काठी. पाच दिवसांत, १७ तारखेला, निजामाने हात टेकले. ते सगळं आपण वेगळ्या भागात करू, इथे घाई करत नाही.

पण शिंदीची गोष्ट तिथे संपत नाही. पलीकडच्या मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. १९५६ ला मराठवाडा हैदराबादमधून निघून मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्रात. ज्या कायद्याखाली आज महाराष्ट्रात सगळी दारू चालते, तो अजूनही तोच, नाव बदलून. निजामाचं सरकार म्हणायचं, झाडाचा रस आमचा, कर भरा आणि काढा. नव्या सरकारने परवाना मागितला, आणि परवान्याशिवाय मडकं बांधलं की गुन्हा. चढणाऱ्या माणसासाठी फरक किती पडला, तुम्हीच बघा. गोड नीरेला मात्र मान मिळाला, कारण तिच्यात अल्कोहोल नाही. मुंबई-पुण्यात नीरेचे स्टॉल अजून दिसतात. पण मघाशी बघितलंच, नीरा आणि शिंदी यांच्यात अंतर किती? चार-सहा तास आणि चुन्याचा एक हात.

एक वाईट भागही सांगायला हवा. खऱ्या शिंदी-ताडीची झाडं कमी, मागणी तशीच, म्हणून राज्यात बऱ्याच ठिकाणी क्लोरल हायड्रेट नावाचं रसायन पाण्यात कालवून 'ताडी' म्हणून विकलं जातं. त्यात फेससुद्धा खोटा असतो. ते झोपेचं औषध आहे, त्याने माणसं मरतात. कुणी स्वस्तात ताडी म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत काही दिलं तर लांब राहा. हे उपदेश म्हणून नाही, जिवाचं म्हणून सांगतोय.

आता आपल्या मित्राच्या प्रश्नाकडे. २००९ मध्ये पुण्यात डूलाली नावाची छोटी ब्रूअरी सुरू झाली आणि टाकीतून थेट ग्लासात येणारी ताजी बीअर हा शहरी तरुणांचा विषय झाला. तेव्हापासून 'जिवंत यीस्ट', 'नैसर्गिक फेस', 'रानटी आंबवण' हे शब्द मेन्यूकार्डावर भारी किंमत घेऊन बसलेत. हेच शब्द मडक्याला लावले की ती गावठी. भाऊ, तू तिकडे खुशाल कर, पण सुट्टीला घरी आलास की केग तिकडेच ठेव. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर करणं हा गुन्हा आहे, हौस म्हणून केली तरी.

आणि एक काम तुम्हा सगळ्यांसाठी. १९४७ ला जो विशीत होता तो आज शंभरीच्या आसपास आहे. तुमच्या गावात, आजोबांच्या, पणजीच्या बोलण्यात, शिंदीचं बन कुठल्या ओढ्याला होतं, ते कुणी तोडलं, सकाळी गावात काय झालं, असं काही आलं असेल, तर मोबाईल काढा, रेकॉर्डरचं बटण दाबा आणि त्यांना बोलू द्या. मध्ये टोकू नका. आवाज खरखरीत आला तरी चालेल. फक्त गावाचं आणि ओढ्याचं नाव सुरुवातीला घ्या आणि आम्हाला पाठवा. तोडणाऱ्याच्या घरचं असेल तरी पाठवा. आणि मडकं बांधणाऱ्याच्या घरचं असेल तर आधी पाठवा.